सवंगड्यांचा धाक

नागपूरच्या धरमपेठेंत मुलांना रहदारीचे नियम कळावेत म्हणून केलेलें एक उद्यान आहे. लोक त्यास ट्रॅफिक पार्क या नांवानें ओळखतात. सहा-सात वर्षांचें मूल तेथें जातें आणि तांबडा दिवा लागला कीं थांबावयाचें, ही गोष्ट खेळतां खेळतां शिकून घरीं येतें. इतकेंच नव्हे तर वडिलांची गाडी दिव्यापुढें थोडी सरकली तर त्यांना बजावतेंहि. पुढें नऊ-दहा वर्षें जातात. तेंच मूल आतां दुचाकीवर मागें दोन मित्र बसवून वेस्ट हायकोर्ट रोडवरून जात असतें, आणि समोरचा दिवा तांबडा होत असतांना पाठीमागून ‘चल, चल, निघ’ असा आवाज आला कीं तें निघतें. नियम तें विसरलेलें नसतें. एकटें असतें तेव्हां तें थांबतेंहि. मग मधल्या काळांत हरवलें तें काय, हा प्रश्न आम्हांस पुष्कळ दिवस पडलेला आहे, आणि त्याचें उत्तर शोधतांना आम्हांस थोडें मागें, आमच्याच गांवाच्या इतिहासांत, डोकावून पाहावें लागलें.

धरमपेठ ही नागपुरांतील जुनी वस्ती नव्हे. भोसल्यांचें नागपूर महाल आणि इतवारी यांच्या आसपास नांदलें. अंबाझरी तलावाच्या बाजूची ही पश्चिमेकडील वस्ती विसाव्या शतकांत वाढली, आणि ती वकील, प्राध्यापक, डॉक्टर, सरकारी नोकर अशा शाळेवर श्रद्धा असणाऱ्या कुटुंबांनीं वाढविली. अशा घरांतून मुलांविषयीं दोन तक्रारी नेहमीं कानांवर येतात. मुलें वडीलधाऱ्यांचा मान ठेवीत नाहींत ही एक, आणि मित्र म्हणतील तसें वागतात ही दुसरी. पहिलीवर दरडावणें हा उपाय, दुसरीवर संगत तोडणें हा उपाय. आमच्या मतें या तक्रारी दोन नाहींत, एकच आहे. मान ठेवणें म्हणजे मान खालीं घालणें, एवढेंच ज्या मुलाला शिकविलें तें मूल जो बलवान् दिसेल त्याच्यापुढें मान खालीं घालतें. आणि वयाच्या पंधराव्या वर्षीं बलवान् दिसतें तें बापापेक्षां टोळकें.

पाश्चात्य पंडितांनीं या गोष्टीचा मोजमाप घेऊन विचार केला आहे. अमेरिकेंतील फिलाडेल्फियाच्या टेंपल विद्यापीठांतील मार्गो गार्डनर व लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनीं २००५ सालीं प्रसिद्ध केलेला प्रयोग तर आमच्या धरमपेठेच्या चौकांतच केला होता कीं काय असें वाटावें. संगणकाच्या पडद्यावर मोटार चालवावयाची. दिवा पिवळा झाला म्हणजे थांबावें कीं आणखी थोडें दामटावें हें ज्याचें त्यानें ठरवावयाचें. ३०६ जणांना हा खेळ दिला. कांहींनीं तो एकट्यानें खेळला, कांहींनीं दोन समवयस्क सोबती जवळ असतां खेळला. तेरा ते सोळा वर्षांच्या मुलांचें धाडस सोबत्यांच्या देखत पुष्कळ वाढलें. चोविशी गांठलेल्यांच्या वागण्यांत फारसा फरक पडला नाहीं. म्हणजे या वयाच्या मुलाला धोका कळत नाहीं असें नाहीं. आपल्याकडे कोणी पाहत आहे हें त्याला त्याहून अधिक कळतें.

त्याहून जुना प्रयोग सॉलोमन अॅश यांचा, १९५१ सालीं प्रसिद्ध झालेला. तीन रेघांपैकीं कोणती रेघ दिलेल्या रेघेएवढी आहे, इतका सोपा प्रश्न. पण खोलींतील बाकीचे सर्व जण आधींच ठरवून चुकीचें उत्तर देत. कॉलेजांत शिकणाऱ्या त्या बिचाऱ्या एकट्या परीक्षार्थ्यांनीं सुमारें एकतृतीयांश वेळां डोळ्यांस दिसत होतें तें सोडून इतरांचें उत्तर उचललें. या प्रयोगाचा एवढाच भाग लोक सांगतात. आम्हांस त्याचा दुसरा भाग अधिक मोलाचा वाटतो. खोलींतील एकानेंच जरी खरें उत्तर दिलें, तरी परीक्षार्थ्याच्या चुका चौथाईवर उतरल्या. सारा जमाव फुटण्याची गरज पडली नाहीं. एक सोबती पुरला. हा ‘एक’ वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. पुढें तो आपणांस वारंवार भेटणार आहे.

आमच्याकडे या वयासंबंधीं एक सुभाषित सर्वांच्या तोंडीं असतें. पहिलीं पांच वर्षें लाड करावेत, पुढील दहा वर्षें ताडन करावें, आणि सोळावें लागलें म्हणजे पुत्राशीं मित्राप्रमाणें वागावें, असा त्याचा आशय. शेवटचा उपदेश उत्तम आहे यांत शंका नाहीं. पण सुभाषितकारांना विचारावेंसें वाटतें कीं, दहा वर्षें ज्यानें मार खाल्ला तो सोळाव्या वाढदिवसाच्या सकाळीं बापाचा मित्र कसा व्हावा? मैत्रीची सवय त्या घरांत त्याला लागली कोठें? ती तोंवर बाहेर लागून चुकलेली असते. असो.

आतां नागपूरची गोष्ट. १९०५ सालीं बंगालची फाळणी झाली आणि स्वदेशीच्या चळवळींत शाळा-कॉलेजांतील मुलें हिरिरीनें उतरूं लागलीं. सरकारनें त्याचा बंदोबस्त शाळेच्या मार्गानें करावयाचें ठरविलें. बंगालमध्यें त्याच वर्षीं कार्लाइल यांचें परिपत्रक निघालें, आणि मे १९०७ मध्यें हिंदुस्थान सरकारचे गृहखात्याचे चिटणीस रिस्ले यांचें, सर्व देशास लागू होणारें. विद्यार्थ्यांनीं राजकीय सभांस जाऊं नये, शिक्षकांनीं त्यांना जाऊं देऊं नये, न ऐकल्यास शाळेची मदत व मान्यता धोक्यांत येईल, असा त्याचा रोख. हेतु राजकीय होता हें उघडच आहे. पण भाषा शिस्तीची होती. मुलांना वडीलधाऱ्यांचा, गुरुजनांचा, सरकारचा आदर शिकवावयाचा आहे, असें त्यांत अभिप्रेत होतें. आदर हा शब्द इतका सोयीचा आहे कीं, पोलिसाचें काम शिक्षकाकडून करवून घेतांनाहि तोच कामास येतो.

नागपूरच्या नील सिटी हायस्कुलांत या परिपत्रकानंतर लौकरच जो प्रकार घडला तो केशव बळिराम हेडगेवार यांच्या चरित्रकारांनीं नोंदलेला आहे. पुढें १९२५ सालीं हेडगेवारांनीं जी संघटना उभारली तिच्याविषयीं वाचकांचीं मतें कांहींहि असोत. येथें आम्हांस कर्तव्य आहे तें एका शाळकरी मुलाशीं आणि त्याच्या वर्गाशीं. शाळातपासनीस शाळा पाहावयास आले. ते वर्गांत पाय ठेवतांच सर्व मुलांनीं एकमुखानें ‘वंदे मातरम्’चा घोष केला. ते दुसऱ्या वर्गांत गेले, तेथेंहि तेंच. सारें आधीं ठरलेलें होतें हें कळावयास फार बुद्धीची जरूर नव्हती. हें कोणीं ठरविलें, असा प्रश्न झाला. एकाहि मुलानें नांव सांगितलें नाहीं. धमक्या झाल्या, शिक्षा झाल्या, मुलांना शाळेबाहेर काढण्यांत आलें, मुलें शाळेंत जावयाचीं थांबलीं, आणि हें प्रकरण बराच काळ चिघळत राहिलें.

येथपर्यंतची कथा आपण मोठ्या अभिमानानें सांगतों, आणि सांगावीहि. परंतु आमच्या प्रश्नाच्या दृष्टीनें तिच्याकडे जरा थंडपणें पाहावयास हवें. वर्गांतील प्रत्येक मुलानें घोष केला. त्यांतील प्रत्येकाच्या अंतःकरणांत देशभक्ति सारखीच जळत होती असें मानावयाचें काय? चाळीस मुलांत दहा-पांच तरी अशीं असणारच कीं ज्यांना भीति वाटत होती, पण गप्प बसलों तर मित्र काय म्हणतील याची भीति त्याहून मोठी वाटत होती. नांव न सांगण्याचेंहि तसेंच. चहाडी करूं नये हा मुलांच्या राज्यांतला पहिला कायदा आहे, आणि तो कोणत्याहि सरकारच्या कायद्यापेक्षां कडक पाळला जातो. त्यांत निष्ठा असते आणि धाकहि असतो, आणि किती निष्ठा व किती धाक हें त्या मुलालाहि निवडून सांगतां येणार नाहीं. सवंगड्यांचा दाब हा नेहमीं विडी ओढावयास किंवा परीक्षेंत नक्कल करावयासच लावतो असें नाहीं. कधीं तो भित्र्या मुलालाहि धीट करतो. ज्यांना तो दाब मुळापासून उपटून टाकावयाचा आहे त्यांनीं हें विसरूं नये.

पुढें काय झालें तें अधिक बोधप्रद आहे. महिने जाऊं लागले तसे पालक अस्वस्थ झाले. मुलांचीं वर्षें बुडत होतीं. कित्येक घरें सरकारी नोकरीवर चालणारीं असणार, तेथें रोज संध्याकाळीं काय बोलणीं होत असतील याची कल्पना करतां येते. शेवटीं तडजोड निघाली. मुलांनीं शाळेंत परत यावें. दारांत त्यांना चूक झाली ना, असें विचारलें जाईल. तोंडानें कांहीं बोलण्याचें कारण नाहीं, नुसती मान हलविली म्हणजे पुरे. मुलें आलीं, मान हलवून आंत गेलीं. हेडगेवार आणि आणखी एक विद्यार्थी एवढ्यांनीं मान हलविली नाहीं. त्यांना शाळा सोडावी लागली; हेडगेवार यवतमाळच्या राष्ट्रीय शाळेंत गेले, ती सरकारी रोषामुळें बंद पडल्यावर पुण्यास गेले, आणि तेथून राष्ट्रीय शिक्षणमंडळाची परीक्षा उत्तीर्ण झाले.

मान हलविणाऱ्या मुलांना आम्ही हिणवीत नाहीं. सोळा वर्षांच्या मुलाच्या खांद्यावर घराची चाकरी ठेवावयाची आणि मग तो वांकला म्हणून त्याला हंसावयाचें हा न्याय नव्हे. आम्हांस दोष दिसतो तो ही युक्ति काढणाऱ्या वडीलधाऱ्यांचा. त्यांना वाटलें असेल कीं आपण मुलांची लाज राखली. वस्तुतः त्यांनीं मुलांना शिकविलें तें असें: पश्चात्ताप ही मानेची एक हालचाल आहे, ज्याला जें पाहिजे तें त्याला दाखवावें, आंत काय आहे तें कोणी विचारीत नाहीं. दोन महिन्यांपूर्वीं वर्गाच्या दाबानें ज्यांनीं घोष केला त्यांनींच आतां घराच्या दाबानें मान हलविली. दोन्ही वेळां मुलगा एकटा काय म्हणतो हें कोणींहि विचारलें नाहीं, मित्रांनीं नाहीं आणि गुरुजनांनींहि नाहीं.

आणि जे दोघे उरले त्यांविषयीं एक गोष्ट नजरेंतून सुटूं नये. ते दोघे होते. अॅशच्या खोलींतील तो ‘एक’ सोबती येथें नागपुरांत आहे. शिवाय, १९०२ च्या प्लेगमध्यें एकाच वेळीं आईबाप गमावलेल्या केशव हेडगेवारांना शाळेबाहेर डॉ. मुंजे यांच्यासारख्या वडीलधाऱ्यांचा आधार होता. मोठ्यांच्या बोलण्यांत त्यांना बसतां येत होतें, त्यांचें मत कोणी तरी विचारीत होतें. मुलाची मान ताठ राहण्यास असा एखादा ओटा लागतो जेथें त्याचें म्हणणें ऐकून घेतलें जातें. ज्याला तो नाहीं, त्याला वर्ग सोडला तर जावयाचें कोठें?

नागपुरापासून पाऊणशें किलोमीटरांवर वर्धा आहे, आणि तेथें सेवाग्रामांत १९३६ पासून महात्मा गांधी येऊन राहिले. त्यांच्या आत्मचरित्रांतील शाळेची गोष्ट सर्वांस माहीत आहे. तरी आमच्या विषयापुरती ती पुन्हां सांगतों. राजकोटच्या हायस्कुलांत पहिल्याच वर्षीं जाईल्स नांवाचे तपासनीस आले. (त्या काळचा तपासनीस हा मुलांच्या शीलाची परीक्षा पाहण्याकरितांच जन्मास आला होता असें दिसतें!) त्यांनीं पांच इंग्रजी शब्द लिहावयास सांगितले. ‘केटल’ हा शब्द मोहनदासाचा चुकला. शिक्षकांनीं बुटाचें टोंक मारून शेजाऱ्याच्या पाटीकडे पाहा असें सुचविलें. मुलाच्या डोक्यांत तें शिरलेंच नाहीं. शिक्षक नक्कल होऊं नये म्हणून उभे असतात अशी त्याची समजूत. बाकी सर्वांचे सर्व शब्द बरोबर निघाले. मूर्ख ठरला तो हा एकटा. आणि गांधीजी लिहितात कीं, या प्रसंगानें शिक्षकांविषयींचा त्यांचा आदर कमी झाला नाहीं. आदर आणि आज्ञापालन या दोन गोष्टी निराळ्या आहेत हें त्या मुलाला कोणीं शिकविलें होतें नकळे, पण तो तें जाणत होता.

येथें गोष्ट थांबविली तर ती पाठ्यपुस्तकांत शोभेल. परंतु तोच मुलगा दोन-चार वर्षांनीं एका मित्रापुढें साफ हरला. सगळ्या वर्गाला जो बधला नाहीं तो एका धट्ट्याकट्ट्या, धीट, आवडत्या मित्राच्या शब्दावर घरांतून चोरून मांस खावयास जाऊं लागला. त्यासहि युक्तिवाद मोठा थोर होता: इंग्रज मांस खातात म्हणून बलवान् आहेत, आपण खाल्लें तर देश मोकळा होईल. वाचकांच्या ध्यानांत येईल कीं मित्रांचा आग्रह क्वचितच ‘चल, वाईट गोष्ट करूं’ अशा शब्दांत येतो; तो शौर्याच्या, मैत्रीच्या, आधुनिकतेच्या वेषांत येतो. घरीं जेवणाच्या वेळीं भूक नाहीं असें आईला खोटें सांगावें लागे. तें खोटें सोसेना म्हणून वर्षभरानें तो प्रकार थांबला. मित्राची समजूत पटून थांबला नाहीं, संगत तोडूनहि थांबला नाहीं. आईशीं असलेलें नातें त्या मैत्रीपेक्षां किंचित् जड भरलें, एवढेंच.

पंधराव्या वर्षीं त्यांनीं भावाचें कर्ज फेडण्यासाठीं त्याच्याच सोन्याच्या कड्याचा तुकडा चोरला, आणि नंतर सर्व हकीकत लिहून चिठ्ठी आजारी वडिलांच्या हातीं दिली. वडिलांनीं ती वाचली, त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलें, कागद भिजला. क्षणभर डोळे मिटून त्यांनीं ती चिठ्ठी फाडून टाकली. शब्द एकहि नाहीं. करमचंद गांधी हे तापट गृहस्थ होते असें पुत्रानेंच लिहून ठेविलें आहे. नील सिटीच्या दारांतील ती मान आणि राजकोटच्या खाटेवरील हें मौन यांत जें अंतर आहे, तें मोजावयास कोणत्याहि प्रयोगाची गरज नाहीं.

हें घराचें झालें. शाळेंत चाळीस मुलांचा बाप होणें कोणास साधावें? तें ज्यांना कांहीं काळ साधलें असें एक शिक्षक महाराष्ट्रास ठाऊक आहेत. पांडुरंग सदाशिव साने हे १९२४ ते १९३० पर्यंत खानदेशांत अमळनेरच्या प्रताप हायस्कुलांत शिक्षक होते आणि तेथील छात्रालयाची व्यवस्था त्यांच्याकडे होती. वसतिगृहांत दिवसाचे चोवीसहि तास मुलांवर मुलांचेंच राज्य चालतें; गबाळेपणा, टवाळी, वडिलांच्या नकला यांची तेथें एक परंपराच असते. सानेगुरुजींनीं नियमांची पाटी लावली नाहीं. ज्याची खोली झाडलेली नसे त्याची ते झाडीत, अंथरुणाची घडी घालीत, कंदिलाची कांच पुसून ठेवीत, आणि बोलत नसत. मुलें प्रथम हंसलीं, मग ओशाळलीं, मग आपापल्या खोल्या आपणच झाडूं लागलीं. जोडीला ‘छात्रालय’ नांवाचें हस्तलिखित दैनिक ते मुलांसाठीं स्वतः लिहून काढीत, त्यांत वसतिगृहांतल्या बऱ्यावाईट गोष्टी येत, आणि तें वाचावयास मुलांची झुंबड उडे.

या पद्धतीविषयीं आमच्या मनांत थोडी धास्ती आहे, तीहि सांगून टाकतों. लाज हें हत्यार दुधारी आहे. साने यांच्या अंगीं राग नव्हता म्हणून त्यांच्या झाडूनें मुलें सुधारलीं. तोच झाडू एखादा शिक्षक दांतओठ खात हातीं घेईल तर मुलें त्याला लौकरच ओळखतील आणि मुद्दाम कचरा करतील. पण साने यांच्या कृतींतील एक शहाणपण कोणासहि उचलतां येण्यासारखें आहे. त्यांनीं मुलांचें टोळकें फोडलें नाहीं. त्यांनीं त्या टोळक्याला अभिमान बाळगण्यास दुसरी एक गोष्ट दिली. आपल्या छात्रालयाची गोष्ट उद्यांच्या अंकांत येईल, या आशेनें जो मुलगा सकाळीं उठून पाणी भरतो त्याच्यावरहि सवंगड्यांचाच दाब असतो. त्याचें तोंड मात्र फिरलेलें असतें.

आजच्या धरमपेठेंतील पालकांना या सर्व जुन्या गोष्टी वाटतील. छडी आतां कायद्यानें गेली. २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें शाळेंत शारीरिक शिक्षा व मानसिक छळ या दोहोंस बंदी केली. त्यापूर्वीं १९९९ सालीं महाराष्ट्रानें रॅगिंगविरुद्ध कायदा केला. उलट अर्थीं पाहिलें तर मित्रांचा दाब पूर्वीं शाळेची घंटा वाजली कीं निदान रात्रीपुरता सुटे. आतां तो मोबाईलमधून उशापर्यंत येतो. वर्गाच्या ग्रुपवर रात्रीं अकरा वाजतां कोणा एका मुलीची थट्टा सुरू होते आणि सकाळपर्यंत तीस जण हंसून मोकळे झालेले असतात. न हंसणारा उठून दिसतो. अशा मुलाच्या हातांत आपण काय देतों? ‘नाहीं म्हणावयास शिक’ असें सांगणें सोपें आहे. पण मित्रांत नाहीं म्हणण्याची किंमत आपण विसरलेलों असतों. आमच्या ओळखीच्या एका घरांत बापानें मुलाला सांगून ठेविलें आहे कीं, अडचणींत सांपडलास तर खुशाल माझ्या नांवानें खापर फोड. ‘आमचे बाबा फार कडक आहेत’ असें म्हण आणि नीघ. मुलाची मित्रांतली पत राहते आणि पायहि निसटतो. कडकपणाची नुसती कीर्ति एवढी उपयोगी पडत असेल तर प्रत्यक्ष कडकपणा थोडा कमी केला तरी चालेल.

आतांपर्यंत सांगितलें तें आपल्या मुलाला मित्र ओढून नेतात तेव्हांचें. त्याहून कठीण प्रसंग असा कीं, सारा वर्ग एका बाजूस असतो, एक मूल दुसऱ्या बाजूस, आणि आपलें मूल त्या वर्गांत असतें. रिस्लेचें परिपत्रक निघालें त्याच १९०७ सालीं मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलांतून भीमराव आंबेडकर मॅट्रिक झाले. सातारच्या शाळेंत ते इतरांपासून दूर, घरून आणलेल्या तरटावर बसत. पाण्याच्या भांड्याला हात लावण्याची त्यांना मुभा नव्हती. एल्फिन्स्टनमध्यें एकदां शिक्षकांनीं त्यांना उदाहरण सोडविण्यासाठीं फळ्याकडे बोलाविलें. फळ्यामागें सवर्ण मुलांचे जेवणाचे डबे ठेवलेले असत. भीमराव फळ्यापर्यंत पोंचण्यापूर्वीं मुलें धांवत सुटलीं आणि त्यांनीं आपापले डबे उचलले.

हीं मुलें दुष्ट होतीं काय? आम्हांस तसें वाटत नाहीं, आणि म्हणूनच ही हकीकत वाचतांना अंगावर कांटा येतो. तीं आज्ञाधारक होतीं. घरीं जें शिकविलें तें त्यांनीं केलें. शेजारचा धांवला म्हणून हा धांवला. आपला डबा तेथेंच राहूं द्यावा असें एखाद्याच्या मनांत आलेंहि असेल, पण मग त्याच्या डब्याला दुपारीं कोण शिवणार? वडीलधाऱ्यांचा मान आणि सवंगड्यांचा धाक हे दोन्ही त्या दिवशीं एकाच दिशेनें ओढीत होते, आणि वर्गांत तो ‘एक’ निघाला नाहीं. मुलांना आदर शिकविला पाहिजे असें म्हणणाऱ्यांनीं आदर कोणाचा, हा प्रश्न येथें स्वतःस विचारावा. शिक्षकांनीं त्या मुलाला फळ्याकडे बोलाविलें, यांत मात्र कांहीं एक आदर होता.

असे तुरळक वडीलधारे त्या मुलाच्या वाट्यास आले. आंबेडकर आडनांवाचे एक शिक्षक मधल्या सुटींत आपल्या डब्यांतील भाजीभाकरी आपणांस देत, असें डॉ. आंबेडकरांनीं स्वतः सांगितलें आहे. गोलमेज परिषदेस जाण्याच्या वेळीं त्या गुरुजींचें आलेलें पत्र त्यांनीं जपून ठेविलें होतें. दुसरे कृष्णाजी अर्जुन केळूसकर. चर्नी रोडच्या बागेंत एकटा बसून वाचणारा हा विद्यार्थी त्यांनीं पाहिला आणि आपण होऊन त्याच्याशीं ओळख केली. भीमराव परीक्षा उत्तीर्ण झाले तेव्हां जातबांधवांनीं सत्काराची सभा भरविण्याचें ठरविलें. वडील रामजी सुभेदार प्रथम तयार होईनात. पोराच्या डोक्यांत वारें शिरेल, त्यानें केलें काय तर एक परीक्षा दिली, असें त्यांचें म्हणणें. अखेर सभा झाली, आणि तींत केळूसकरांनीं आपण लिहिलेलें गौतम बुद्धाचें चरित्र त्या मुलाच्या हातीं दिलें. ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथासाठीं लिहिलेल्या प्रस्तावनेंत बाबासाहेबांनीं ही सभा, वडिलांचा तो नकार आणि तें पुस्तक यांची आठवण नोंदविली आहे. आयुष्याच्या अखेरीस, १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं, त्यांनीं नागपुरांत बौद्ध धर्माची दीक्षा घेतली. ती दीक्षाभूमि धरमपेठेच्या दक्षिणेस, पायीं जातां येईल इतक्या अंतरावर आहे.